अभयदान

दैवी संपत्तीची गणना करिताना श्रीभगवंतांनी गीतेच्या सोळाव्या अध्यायात जो पहिला गुण सांगितला, तो अभय होय. दान, यज्ञ, तप हे त्यामागून येतात. भूतदया तर पुढील श्लोकात येते. या क्रमात मोठे मर्म आहे. ज्याचे स्वतःचे चित्त भयाने वा क्रोधाने क्षुब्ध आहे, तो दुसऱ्यास अन्न देऊ शकेल, आसरा देऊ शकेल. अभय मात्र देऊ शकणार नाही.

हे मर्म उमजण्यास एक साधा दृष्टान्त घ्यावा. बंगळूर नगराच्या आग्नेयेस एचएसआर लेआउट नावाची वसाहत आहे. होसूर व सर्जापूर या रस्त्यांवरून तिला हे नाव पडले. नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्या एखाद्या मराठी गृहस्थाचे घर डोळ्यांपुढे आणावे. रस्त्यावर जखमी होऊन पडलेले व उपचारांनी बरे झालेले एक कुत्रे त्याने निवाऱ्यातून घरी आणले. मुलांनी गोधडी अंथरली, गृहिणीने भात कालवून ठेवला. कुत्रे मात्र पलंगाखाली शिरून भिंतीला अंग चिकटवून बसले. दिवसा ते अन्नास तोंड लावीना. सर्व निजल्यावर मुकाट्याने खाई. केरसुणी उचलली की थरथर कापे. तिसऱ्या दिवशी त्याने बैठकीत घाण केली, चौथ्या दिवशी हात पुढे करणाऱ्या मुलावर ते गुरगुरले. तेव्हा घरात शब्द निघाले, ''याच्यासाठी एवढे केले, पण याला त्याची जाणीव नाही. परत देऊन टाकावे हे बरे.''

साधकाची खरी परीक्षा येथेच आहे. त्या वाक्यात कुत्र्याचा दोष सांगितलेला दिसतो. वस्तुतः बोलते आहे ती दात्याची फलाशा. जो परतफेड करू शकत नाही त्याला, केवळ देणे कर्तव्य आहे म्हणून दिलेले दान सात्त्विक, असे सतराव्या अध्यायाचे सांगणे आहे. उपकारासोबत प्रेमाची उधारी लिहून ठेवली की दानाचा व्यवहार होतो. शिवाय, मुक्या जीवाला आपले पूर्ववृत्त सांगता येत नाही. त्याचे भय हेच त्याचे पूर्ववृत्त होय. केरसुणी पाहून कापणाऱ्या पाठीने काय सोसले असेल, हे कोणी पाहिले आहे?

महाभारताच्या दोन टोकांना दोन श्वान उभे आहेत, हे लक्षात घ्यावे. आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ सरमेच्या निरपराध पिलास मारतात. ते रडत मातेकडे जाते. माता यज्ञभूमीवर येऊन अपराध विचारते, पण कोणी उत्तर देत नाही. आणि अकल्पित भय प्राप्त होईल असा शाप राजकुळास मिळतो. ज्याने भय दिले, त्याच्या वाट्यास भयच आले. महाप्रस्थानाच्या वेळी मात्र हस्तिनापुरापासून मागे आलेल्या श्वानास सोडून स्वर्गाच्या रथात चढण्यास युधिष्ठिर नकार देतो. आश्रिताचा त्याग त्याला महापातकासमान वाटतो. तो श्वान साक्षात धर्म होता, हे त्याला नंतर कळले. आधी कळले असते, तर त्या नकाराचे मोल ते काय राहिले असते?

आजचा न्यायही याच दिशेने बोलतो. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरील कुत्री दत्तक घेण्यास मोकळीक दिली. पण घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्यावर ठेवली. म्हणून ज्याला वेळ, जागा व धीर नाही, त्याने भावनेच्या भरात कुत्रे आणूच नये; तो नकारही प्रामाणिक असल्यास धर्मच आहे.

ज्याने आणले, त्याने काय करावे? पहिले तीन दिवस भय ओसरण्याचे, तीन आठवडे घराची रीत कळण्याचे, तीन महिने विश्वास रुजण्याचे, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. कोणास याहून अधिक काळही लागतो. अन्नाची व फिरण्याची वेळ ठरलेली असावी. बसण्यास एक शांत कोपरा द्यावा आणि तेथे त्याला कोणी ओढू नये. डोळ्यांत रोखून पाहू नये, मुलांनी मिठी मारू नये; जवळ बसून त्याला आपण होऊन येऊ द्यावे. घाण केली तर मुकाट्याने पुसावी. रेबीजची लस वेळच्या वेळी टोचावी. बाहेर नेताना गळपट्टा व दोरी असावी, कारण शेजाऱ्यासही अभय हवे. गुरगुरणे थांबत नसेल तर पशुवैद्यास विचारावे. मन हळूहळू स्थिर करावे, असे सहाव्या अध्यायात सांगितले आहे. तीच रीत येथेही लागू पडते.

काहींच्या मनात सोवळ्याची शंका येईल. पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, श्वान व चांडाळ यांच्या ठायी समदर्शन सांगितले आहे. सर्वांशी एकसारखेच वर्तन सांगितलेले नाही. देवघर व स्वयंपाकघर यांची मर्यादा खुशाल पाळावी. मर्यादा उंबरठ्याला असावी. तिरस्कार मनात नसावा.

ज्याच्यापासून जगास उद्वेग होत नाही, तो भक्त भगवंतांस प्रिय आहे, असे बारावा अध्याय सांगतो. हे लक्षण आपल्या अंगी किती आले, हे पाहण्यास दूर जावयास नको. पलंगाखालचा तो भ्यालेला जीव एके दिवशी आपण होऊन बाहेर येईल व पायाशी निजेल. त्या दिवशी अभय त्या एकट्यालाच मिळाले, असे समजू नये. तोवर घरात आवाज चढू न देण्याचा, हात न उगारण्याचा अभ्यास त्या कुटुंबास घडलेला असेल. गृहस्थाश्रमात याहून सुलभ तप कोणते?

सर्वांतर्यामी प्रभू सर्व आश्रितांस अभय देवो, आणि ते देण्याची पात्रता आपणांस देवो.