उसाच्या रानातलं गाणं

बॉब मार्लेचा जटाधारी चेहरा आपल्याकडच्या पोरांच्या टी-शर्टवर सर्रास दिसतो. गोव्यात २०१६ साली त्याच्या रेगे संगीताचा मोठा उत्सव सुरू झाला. हा गायक जमैकातल्या नाइन माइल नावाच्या डोंगरी खेड्यात १९४५ साली जन्मला आणि १९८१ साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी कर्करोगानं गेला. एवढ्या थोड्या आयुष्यात त्याचं गाणं जगभर कसं पोचलं?

जमैका हे उसाचं बेट. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी तिथे मळेवाल्यांसाठी ऊस तोडला. गुलामी कायद्यानं उठली, तेव्हा १८४५ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. अशा राबणाऱ्यांच्या वंशातल्या गरिबांची वस्ती म्हणजे किंग्स्टनचं ट्रेंचटाउन. मार्ले तिथे वाढला. त्यानं दुःख गायलं, पण त्याहून जास्त गायलं ते मान वर करून जगणं. म्हणून १९८० साली झिंबाब्वे स्वतंत्र झाला त्या रात्री तो तिथे गायला गेला, तोही पदरचा खर्च करून. बाहेरच्या गर्दीवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो मंचापर्यंत आला. धूर निवळल्यावर गाणं पुन्हा सुरू झालं.

बीडच्या माणसाला यातलं काहीच परकं नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या कोयते बांधून ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. आणि मान वर करायला लावणारं गाणंही आपल्यात आहे. सिन्नरजवळच्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरं शिकले आणि गावोगाव भीमगीतं गात हिंडले. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी तर जात्यावर, जिथे पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठल आणि माहेर गायलं गेलं, तिथे बाबासाहेब गायले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या संकलनाच्या कामात जात्यावरच्या लाखावर ओव्या जमल्या आहेत. माजलगावच्या ओव्याही १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या.

मला या बायका मार्लेच्या तोलाच्या वाटतात. त्याच्यामागे लंडनची रेकॉर्ड कंपनी उभी राहिली, यांच्यामागे अशी कंपनी नव्हती. त्यामुळे त्याचं नाव जगाला ठाऊक आहे आणि यांचं पुढच्या आळीतही नाही. आता गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि दळताना सुचणारी ओवीही थांबली. तिच्या शेवटच्या जाणत्या आज आपल्याच घरांत आहेत.

आजी, आत्या, मावशी, जी कुणी असेल तिच्याजवळ बसा. मोबाइल सुरू करा आणि ओवी म्हणायला सांगा. तिचं नाव, गाव आणि तारीख त्यात बोलून ठेवा. टोळ्या निघायच्या आत एवढं कराच.