साच्यातली पाकळी

गणपतीला रायगड जिल्ह्यातल्या दिघीत उतरणारा मुंबईकर माणगाव-म्हसळ्याच्या रस्त्यानं येवो की आगरदांड्याहून खाडी ओलांडून, त्याच्या सामानात हल्ली एक चपटं खोकं हमखास असतं. त्यात मखर असतं: घडी घातलेलं, कार्डशीटचं, कमळाच्या पाकळ्या आणि जाळीच्या कमानी अगोदरच कापून ठेवलेलं. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. सजावटकारांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे त्या वर्षापुरती सवलत मागितली, ती मिळाली नाही, आणि कोकणातल्या घरांमध्ये पुठ्ठा, कार्डशीट, क्रेप आणि पतंगी कागद पुन्हा आले. पण आता कात्री मागे पडून त्यांच्यासोबत डाय आला. पाकळीच्या आकाराची धारदार पोलादी पट्टी, तिच्यावर कागद, वर-खाली प्लास्टिकच्या दोन पाट्या, हा थर दोन रुळांमधून हातानं दांडा फिरवून काढायचा, की पाकळी सुटी. दुसरीही तशीच, आणि शंभरावीही. यातून एक प्रश्न उभा राहतो. वरवर तो हौसेचा वाटतो, पण आहे धर्माचा: आकार दुसऱ्यानं ठरवला, धार कारखान्यानं लावली, आपण फक्त दांडा फिरवला आणि खळ लावून तुकडे चिकटवले, तर देवापुढे मांडलेल्या त्या आराशीला आपली सेवा म्हणता येईल का?

नाही म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. जॉन रस्किननं १८५३ साली व्हेनिसच्या वास्तूंवर लिहिताना असा मुद्दा मांडला होता की हाताच्या कामातला ओबडधोबडपणा ही कारागिराच्या स्वातंत्र्याची खूण आहे आणि निर्दोष, एकसारखं काम मागणं म्हणजे माणसाला अवजार करणं. हा विचार आपल्याकडे गांधींच्या वाटेनं आला. त्यांनी १९०४ मध्ये रस्किनचं दुसरं एक पुस्तक आगगाडीत वाचलं आणि आयुष्याची दिशा बदलली. त्याला आपल्या घरगुती भक्तीची जोड दिली की आक्षेप असा तयार होतो: वेडीवाकडी का होईना, कात्रीनं कापलेली पाकळी देवाला जास्त प्रिय, कारण तिच्यात कापणाऱ्याचा हात दिसतो. साच्यातल्या पाकळीत कुणाचाच हात दिसत नाही. ऐकायला हे फार गोड आहे. पण आपल्या उपासनेचा प्रत्यक्ष व्यवहार पाहिला तर तो या मताला दुजोरा देत नाही.

मखरात जी मूर्ती बसणार तिच्यापासूनच सुरुवात करावी. ती बहुधा याच रायगड जिल्ह्यातल्या पेणची, किंवा शेजारच्या हमरापूर-जोहे परिसरातल्या कारखान्यातली असते आणि साच्यातून निघालेली असते. एकाच साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. मग हात फिरवून सांधे पुसले जातात, रंग चढतो, आणि शेवटी कुशल कारागीर डोळ्यांची आखणी करतो. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी गुरुजी मूर्तीचा साचा कुणाचा, हे विचारत नाहीत. नैवेद्याच्या उकडीच्या मोदकाला मुखऱ्या हातानं पाडायच्या की साच्यात दाबून मोदक काढायचा, यावर स्वयंपाकघरात वाद होतील, देवघरात होत नाहीत. उंबऱ्यावरची लक्ष्मीची पावलं कितीतरी घरांत पत्र्याच्या छापातून उमटतात. मथुरा-वृंदावनच्या मंदिरांत पितृपक्षात सांझी घालतात, तिचं उदाहरण तर डायच्या फारच जवळचं आहे. तिथे कात्रीनं कागदात अतिशय नाजूक नक्षी कापून खाके तयार करतात, आणि त्या खाक्यांतून रंगीत पूड भुरभुरून कृष्णलीला रेखतात. खाका वर्षानुवर्षं जपला जातो, चित्र मात्र पुसलं जातं. खाका कापणाऱ्याच्या कौशल्याला मान आहेच, पण सेवा करतो तो पूड टाकणारा.

दिघीसारख्या गावाच्या बाबतीत आणखी एक शेजार विसरून चालणार नाही. श्रीवर्धन तालुक्याचा हा किनारा १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या संस्थानात होता, आणि कोळी-आगरी वस्तीला लागून कोकणी मुसलमानांची वस्ती इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मोहरमचा ताबूतही महाराष्ट्रात कागदाचाच: बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, बेगड, कापून काढलेली जाळी. तोही वर्षाला नव्यानं उभा राहतो आणि शेवटी थंड केला जातो. ताबूत करावा की नाही यावर मुसलमानांमध्येच मतभेद आहेत, त्यात शिरायचं कारण नाही. पण मखर आणि ताबूत या दोन्हींमध्ये तोच नमुना पुन्हा पुन्हा वापरला जातो, आणि या पुनरावृत्तीनं श्रद्धा पातळ झाली असं दोन्हीकडचे म्हणत नाहीत. उपासनेची भाषाच पुनरावृत्तीची आहे. स्वस्तिक घरोघरी सारखंच असतं आणि आरती दरवर्षी तीच म्हणतात. तिथे नावीन्य मागणारा माणूस चित्रप्रदर्शनाचा निकष देवघरात घेऊन आलेला असतो.

याहून पक्कं कारण पूजेच्या साहित्यातच सापडतं. गीतेच्या नवव्या अध्यायात भक्तानं काय द्यावं हे सांगताना पान, फूल, फळ आणि पाणी ही चार नावं येतात. या चारांपैकी एकही वस्तू भक्तानं घडवलेली नाही. गणेशाला एकवीस प्रकारची पत्री वाहतात. त्यातल्या एकाही पानाचा आकार वाहणाऱ्याच्या कल्पनेतून आलेला नसतो. बेलाचं त्रिदळ झाडावरून तयार होऊनच येतं. वाहणाऱ्याकडे उरतं ते इतकंच: शोधणं, खुडणं, निवडणं, धुणं, मोजणं आणि वाहणं. तेवढं पुरेसं आहे असं परंपरा मानते. म्हणजे अर्पणासाठी आकाराचं कर्तेपण ही अट कधी नव्हतीच. कर्तेपणाचा हट्ट आपण कलेच्या आधुनिक कल्पनेतून उचलला आणि त्याला भक्तीचं नाव दिलं. खरं तर साच्यातल्या पाकळीचा एक फायदाच आहे, की ती कापणाऱ्याला ‘हे माझं’ म्हणून मिरवायला फारसा वाव देत नाही.

यावर वारकरी परंपरेतून एक वजनदार हरकत येऊ शकते. सावता माळ्याला मळ्यात विठ्ठल दिसला, गोरा कुंभार माती तुडवताना भजनात बुडाला. म्हणजे श्रम हीच पूजा, आणि साच्यानं श्रम वाचवले तर पूजाच वाचवली, नाही का? पण या संतांचे श्रम पोटापाण्याचे होते, रोजचे होते. सावत्यानं देवासाठी वेगळी, अवघड भाजी पिकवली नाही. कामाचा कष्टप्रदपणा वाढला की भक्ती वाढते, असा हिशेब त्यांच्या जगण्यात नाही. शिवाय कुंभाराचं चाकही अवजारच आहे, आणि ज्या काळात ते नवं होतं त्या काळात हातानं वळून मडकी करणाऱ्यांनी त्यालाही नाक मुरडलं असेल. कामात चित्त असावं, ही त्या परंपरेची मागणी आहे. चित्त दांडा फिरवतानाही असू शकतं आणि कात्री चालवतानाही नसू शकतं.

दुसरी हरकत जास्त धारदार आहे. आकार परका चालतो, धार परकी चालते, तर संपूर्ण जोडलेलं मखर विकत आणलं तर काय बिघडलं? माहीमच्या कंदील गल्लीत आकाशकंदील तयार टांगलेले मिळतातच. रेघ कुठे ओढायची? माझ्या मते रेघ ठाशीव नाही, आणि ती तशी असण्याची गरजही नाही. विकत आणलेलं मखर अपवित्र ठरत नाही. ज्याच्याकडे वेळ नाही त्यानं पैसे द्यावेत, त्या पैशावर कुणाचं तरी घर चालतं. मात्र ते देणं पैशाचं आहे. सुट्या पाकळ्या आणून त्या कुठे, किती, कोणत्या क्रमानं लावायच्या हे घरानं बसून ठरवलं तर देणं वेळेचं आणि निर्णयाचं होतं. पत्री बाजारातून आणली तरी ती निवडून वाहावीच लागते. सेवा त्या निवडण्यात आहे, मग ते पानाचं असो की पाकळीचं.

इथवर मी डायची वकिली केली. पण त्याच्यात एक खरा दोष आहे, आणि तो टीकाकार दाखवतात तिथे नाही. हात थकतो, साचा थकत नाही. कात्रीनं कमळ कापणारी बाई चौदाव्या-पंधराव्या पाकळीला बोटं मोडते आणि म्हणते, बास, शोभलं. ती मर्यादा तिनं ठरवलेली नसते, शरीरानं ठरवलेली असते. आणि आराशीचा तोल इतकी वर्षं त्या थकव्यानं सांभाळला होता. डायनं तो थकवा काढून घेतला. आता पाकळ्या थांबतात त्या कागद संपला म्हणून, आणि कागद तर आणखी आणता येतो. परिणाम डोळ्यांसमोर आहे: मूर्ती लहान आणि तिच्याभोवती फुलपाखरं, जाळ्या, पिसं, वेली यांची इतकी गर्दी की समई ठेवायला जागा नाही. बाजारातले पुष्कळ डाय परदेशी सणांसाठी घडवलेले असल्यामुळे कुठे कुठे हिमकणही दिसतात. भाद्रपदातल्या दमट कोकणात हिम कुठून पडलं हे गणपतीलाच ठाऊक.

यंत्राविषयी गांधींचं म्हणणं नेमकं इथे उपयोगी पडतं. १९२४ मध्ये त्यांनी स्पष्ट केलं होतं की आपला विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या वेडाला आहे. आणि अपवाद म्हणून त्यांनी शिवणयंत्राचं नाव घेतलं होतं. हातानं फिरवायचं डायचं यंत्र शिवणयंत्राच्याच जातीचं. ते घरात मावतं, वीज मागत नाही, कुणाची रोजी हिरावून घेत नाही. वेड मात्र त्याच्यासोबत येऊ शकतं. परंपरेनं कितीतरी ठिकाणी तयार आकार स्वीकारला आणि त्याच्या शेजारी एक आकडा ठेवला होता, हे सहसा ध्यानात येत नाही. मोदक एकवीस, दूर्वांची जुडी एकवीसची, पत्री एकवीस. आकडा हे निव्वळ गूढ नाही, तो लगाम आहे. कागदाच्या आराशीला असा आकडा कोणत्याही पोथीनं दिलेला नाही, कारण त्या काळी तो बोटांनीच दिला होता. आता तो घरानं ठरवून घ्यावा लागतो.

भेटवस्तूंचंही तेच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगुळासाठी डायनं कापलेल्या कागदी डब्या करतात. घडीच्या रेघा डायनंच पाडलेल्या असतात, त्यामुळे डबी सुबक बसते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत, त्यांतले दोन इथे लागतात. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक, आणि उलट उपकार मिळावा म्हणून किंवा फळ डोळ्यांपुढे ठेवून दिलेलं ते राजस. डबी साच्यातली आहे की हातची, याचा या वर्गीकरणाशी संबंध नाही. पण साठ डब्या सहज होतात म्हणून साठ बायकांना बोलावणं, आणि डबीच्या सुबकपणावरून घराची किंमत ठरणं, याचा आहे. रुखवतात हे फार आधी घडून गेलं. मुलीनं हौसेनं केलेल्या वस्तू मांडायची ती जागा आता कित्येक लग्नांत भाड्यानं सजते, आणि तिथे तर डायही नव्हता. मिरवण्याची हौस साच्यावाचूनही मोकाट सुटते.

कागदाबद्दलही बोललं पाहिजे, कारण पुष्कळदा दोष त्याचाच असतो आणि नाव डायचं होतं. चमकी लावलेलं कार्ड दिसायला कागद असलं तरी त्यावरची चमकी बहुतेक वेळा प्लास्टिकची असते. थर्माकोल दारातून घालवून प्लास्टिक खिडकीतून आत घेण्यात अर्थ नाही. पार्थिव पूजेचा गाभाच हा की मूर्ती मातीची, आलेली आणि जाणारी. तिच्याभोवती न संपणारी वस्तू मांडणं हे तिच्या अर्थाशी विसंगत आहे. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद बनतो. तसा कागद मऊ आणि लांब तंतूंचा असल्यामुळे बारीक जाळीच्या डायला नीट दाद देत नाही, कडा तुसदार राहतात. त्यातून मोठी, साधी पाकळीच काढावी लागते. दिघीच्या खाऱ्या, ओल्या हवेतही नाजूक जाळी दुसऱ्या दिवशी मान टाकते आणि जाड, साधा आकार पाच दिवस तग धरतो. गमावलेली मर्यादा अशी थोडीफार कागद आणि हवामानाकडून परत मिळते.

उत्सवात मर्यादेची भाषा रूक्ष वाटते, हे मान्य. उत्सव म्हणजे थोडी उधळण असणारच, आणि गुलाल मोजून उडवत नाहीत. मात्र गुलालाची उधळण सर्वांची असते, आराशीची बहुधा एका घराची. म्हणून मला एक व्यवहार जास्त पटतो. कोकणातल्या वाड्यांमध्ये मोठी पातेली, सतरंज्या, टाळ-मृदंग सामाईक असतात. डायचं यंत्र आणि पाच-सहा चांगले साचे – कमळ, आंब्याचं पान, पिंपळपान, समई – तसेच वाडीचे असावेत. मग यंत्र एका घरात एक संध्याकाळ राहील, दुसऱ्या दिवशी शेजारी जाईल, आणि त्या संध्याकाळी जेवढ्या पाकळ्या निघतील तेवढ्याच त्या वर्षी लागतील.