कॉफीची कुलीनता

कॉफीच्या दुकानांत हल्लीं आधीं जात सांगतात, भाव मागाहून. ‘ही निव्वळ अरेबिका, हींत रोबस्टाचा दाणाहि नाहीं,’ हें वाक्य ज्या स्वरांत उच्चारलें जातें, तो स्वर आम्हांस अगदीं ओळखीचा आहे. सोयरीक जमवितांना तो आमच्या समाजांत अजूनहि ऐकूं येतो. जुन्या मराठींत ज्यांस बुंददाणे म्हणत, त्यांच्या बाबतींत तरी या अभिमानास आधार कितपत आहे?

अरेबिका चवीला सरस, हें प्रथमच मान्य केलें पाहिजे. तींत साखर व स्निग्धांश अधिक असतो. कॅफीन मात्र शेंकडा १.२ च्या आसपास. रोबस्टांत तें जवळजवळ दुप्पट भरतें. हा पदार्थ रुंगे या जर्मन रसायनज्ञानें १८१९ सालीं प्रथम वेगळा काढला. त्यासाठीं लागलेले दाणे त्यास खुद्द महाकवि गटे यांनीं दिले होते. कॅफीन कडू असतें आणि किडींस विषासारखें बाधतें. उष्ण, सखल प्रदेशांत रोबस्टा तग धरते, ती कांहीं अंशीं या कडूपणाच्या बळावर. ज्या तरतरीसाठीं आपण कॉफी पितों, ती ज्या दाण्यांत अधिक, तोच हलका ठरावा, ही गंमतच म्हणावयाची!

आतां वंशाकडे वळूं. लिनियसनें १७५३ सालीं अरबस्तानावरून अरेबिका हें नांव ठेविलें. पण तिचें माहेर इथिओपियाच्या डोंगराळ अरण्यांत आहे. त्याहून मोठी गोष्ट विसाव्या शतकाच्या अखेरीस उघडकीस आली. अरेबिकाचीं गुणसूत्रें ४४, तर कॉफीच्या इतर जातींचीं २२. कारण लाखों वर्षांपूर्वीं दोन निराळ्या जातींच्या संकरांतून ती जन्मली. त्यांतील एक युजेनिऑइडिस, दुसरी कनेफोरा. आणि कनेफोरा म्हणजेच रोबस्टा. निव्वळपणाचा एवढा डौल, आणि पितृकुळच तेथें!

यावर कोणी म्हणेल, पूर्वज कोणीहि असोत, चवींतील अंतर तर खरें ना? खरें. पण त्यांतलें जन्मानें किती व संगोपनानें किती, हें कोणी पाहिलें? रोबस्टा हलकी म्हणून तिला भाव कमी. भाव कमी म्हणून कच्चीं-पिकलीं फळें एकदमच ओरबाडावयाचीं, कशीं तरी वाळवावयाचीं. आणि मग त्यामुळें पेल्यांत येणारा उग्र वास जातीच्या माथीं मारावयाचा! कर्नाटकांत जेथें पिकलेलीं फळेंच निवडून, धुऊन, काळजीनें वाळविलीं जातात, तेथें हीच रोबस्टा पुष्कळ सौम्य उतरते. आधीं उपेक्षा करावयाची आणि उपेक्षेनें आलेला दोष उपजत ठरवावयाचा, हा न्याय आम्ही माणसांवर किती पिढ्या चालविला, तें सांगावयास नको. झाडांस निदान तो ऐकूं येत नाहीं.

१८६९ सालीं सिलोनांत तांबेरा पडला. पुढील कांहीं वर्षांत तेथील अरेबिकाचे मळे उजाड झाले आणि त्यांच्या जागीं चहा लागला. पुढें तिमोर बेटावर अरेबिका व रोबस्टा यांचा आपोआप झालेला एक संकर आढळला. तांबेऱ्यास तोंड देण्याची ताकद त्यास रोबस्टाकडून मिळाली होती. त्याचा अंश घेऊन पुष्कळ देशांत नवे वाण तयार करण्यांत आले. आपल्याकडील ‘चंद्रगिरी’ हा त्यांतलाच. बाजारांत या सर्वांची नोंद अरेबिका म्हणूनच होते.