पाळलेल्या जिवाचे देणे

पाळलेल्या जनावराचा रोग बरा करणे ही भूतदया मानायची की कर्जफेड? १८९८ मध्ये लोफलर आणि फ्रॉश या जर्मन शास्त्रज्ञांनी लाळ-खुरकुतीचे कारण जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होते हे दाखवले आणि जनावरांचा विषाणू माणसाच्या प्रथम ध्यानात आला. तोवर गोठ्यातली मरतूक बहुतेकांना देवीचा कोप वाटे. कोपापुढे हात जोडता येतात, त्याचा जाब मात्र कुणाला विचारता येत नाही. कारण कळल्यावर ही सोय उरत नाही. माझे म्हणणे असे की, ज्या रोगाची जीवघेणी तीव्रता आपल्या पाळण्याच्या पद्धतीतून येते, त्यावरचा उपचार हे आपल्या डोक्यावरचे देणे आहे आणि नुसत्या लशीने ते फिटत नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा सॅमन माशाच्या शेतीत सापडतो. १९८४ मध्ये नॉर्वेत समुद्रातल्या पिंजऱ्यांमधले सॅमन रक्तक्षयाने मरू लागले. कल्ले पांढुरके पडत, यकृत काळवंडे. १९९५ मध्ये या रोगाचा विषाणू प्रयोगशाळेत सॅमनच्याच पेशींवर वाढवता आला. तो इन्फ्लुएंझाच्या कुळातला निघाला. पुढच्या संशोधनात त्याचे एक निरुपद्रवी रूपही आढळले. ते कल्ल्यांमध्ये काही काळ राहते आणि माशाला आजारी न पाडता निघून जाते. त्याच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचा छोटा भाग गळून पडला की घातक रूपाची वाट मोकळी होते. असे बदल निसर्गातही घडत असणार. पण मोकळ्या समुद्रात यजमानाला झटपट मारणाऱ्या विषाणूला पुढचा मासा सहज भेटत नाही. पिंजऱ्यात तो शेजारीच असतो. बदल विषाणूचा, पण त्याला ही संधी दिली ती आपण. २००७ मध्ये हीच साथ चिलीत पोहोचली आणि तिथले अटलांटिक सॅमनचे उत्पादन काही वर्षांत निम्म्याहून खाली गेले.

यावर कोणी म्हणेल की रोग निसर्गात असतातच आणि बुळकांडी या गुरांच्या रोगाला काही मत्स्यशेती लागली नव्हती. आक्षेप खरा आहे. बुळकांडीने गुरांबरोबर आफ्रिकेतले रानरेडेही मारले. तिच्यावरच्या संशोधनाचा एक धागा आपल्या पुण्यातून जातो: १८८९ मध्ये तिथे सुरू झालेली जिवाणूशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा पुढे मुक्तेश्वरला गेली आणि बुळकांडीवरच्या कामासाठी ओळखली गेली. वॉल्टर प्लाउराइट यांनी केनियात पेशींवर वाढवून तयार केलेल्या लशीने अखेर हा रोग संपवला आणि २०११ मध्ये तो जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. इथे लस पुरली, कारण तिने मिळणारी प्रतिकारशक्ती टिकाऊ होती आणि संसर्गाची साखळीच तुटत होती. कोंबड्यांच्या मरेक रोगाची गोष्ट वेगळी आहे. त्याची लस कोंबडीला मरणातून वाचवते, पण विषाणूचा प्रसार थांबवत नाही. अँड्र्यू रीड आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रयोगाने दाखवले की, जे अतिघातक वाण एरवी कोंबडीबरोबरच संपले असते, ते लस दिलेल्या कोंबड्यांमधून पसरत राहतात. खुराड्यातली दाटी तशीच ठेवून टोचलेली अशी लस आपले देणे फेडत नाही, ते पुढे ढकलते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि अहिंसेचा विचार ज्यांनी खोलवर केला त्या जैन परंपरेतून तो आला तर मी त्याला मान देईन: जो प्राणी शेवटी सुरीखालीच जाणार, त्याच्या आजाराची काळजी हा ढोंगीपणा नव्हे का? ज्याने मांस-मासे सोडले त्याची भूमिका माझ्यापेक्षा सुसंगत आहे, हे मान्य. पण मरण ठरलेले आहे म्हणून त्याआधीचे दुःख शून्य होत नाही. तसे असते तर माणसाच्या दुःखालाही किंमत उरली नसती. २००३ मध्ये लिन स्नेडन यांच्या ट्राउट माशांवरील अभ्यासात वेदनेचे संकेत टिपणाऱ्या चेतातंतूंचा पुरावा मिळाला. माशाला काहीच कळत नाही, असे त्यानंतर खात्रीने म्हणणे कठीण आहे.

आपल्याकडे पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे: गृहस्थाने रोजच्या अन्नातला वाटा इतर जिवांसाठी काढायचा. तो उपकार म्हणून सांगितलेला नाही, नित्यकर्म म्हणून सांगितला आहे. पिंजऱ्यातल्या माशासाठी हा वाटा म्हणजे जागा आणि विसावा. नॉर्वेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साथ आवरली ती मुख्यतः लशीशिवाय: वेगवेगळ्या वयाचे मासे वेगळे ठेवले, मधल्या काळात समुद्रातली शेते पडीक ठेवली, कत्तलखान्याचे सांडपाणी निर्जंतुक केले. याला खर्च येतो आणि मासा महागतो. स्वस्त प्रथिनांवर गरिबाचा हक्क आहे, ही तक्रार मला सर्वांत जड वाटते. मात्र साथीत शेती बुडते तेव्हा आधी रोजगार जातो तो मजुराचा. चिलीत हजारोंचा गेला.

राहतात ते मासे, ज्यांना संशोधनासाठी टाकीत मुद्दाम विषाणूची लागण केली जाते. पेशींवरच्या प्रयोगांनी त्यांची गरज घटली आहे, संपलेली नाही. त्यांच्या बाबतीत आपले देणे सर्वाधिक आहे. त्यांच्या मरणातून हाती आलेले ज्ञान एकाच पिंजऱ्यात आणखी मासे कोंबण्यासाठी वापरले, तर तो प्रयोग करण्याचा अधिकार आपल्याला होता, असे मला म्हणता येणार नाही.