जुने नाव आणि नवा आरंभ

गुन्हा केलेल्या माणसाला आयुष्य नव्याने सुरू करता येते काय, हा प्रश्न बहुधा पश्चात्तापाच्या अंगाने मांडला जातो. पश्चात्ताप खरा असेल तर नवा आरंभ शक्य आहे, असे त्यामागचे गृहीतक असते. हेन्री किंग यांचा ‘द गनफायटर’ (१९५०) हा वेस्टर्न चित्रपट या गृहीतकालाच छेद देतो. जिमी रिंगो (ग्रेगरी पेक) याच्या पश्चात्तापाविषयी चित्रपट कुठेही संशय ठेवत नाही. तो थकलेला आहे, बायकोमुलाकडे परतू इच्छितो. परंतु ज्या गावात तो शिरतो त्या गावाला पश्चात्तापदग्ध गृहस्थ नको आहे, सर्वांत चपळ पिस्तूलबाज हवा आहे. शाळेतली मुले खिडकीपाशी गर्दी करतात. नाव कमावू पाहणाऱ्या तरुणाला तो आव्हान वाटतो. त्याचा भूतकाळ त्याच्यापेक्षा इतरांच्या अधिक कामाचा आहे.

याच गावाचा मार्शल मार्क स्ट्रेट हा रिंगोचा एके काळचा साथीदार. त्याला मात्र नवे आयुष्य लाभले आहे. दोघांच्या पूर्वायुष्यातील फरक गुन्ह्याच्या प्रतीचा नाही. मार्कच्या नावाची आख्यायिका झाली नाही, एवढाच आहे. म्हणजे नव्या आरंभाचा अधिकार येथे सद्गुणावर नव्हे, अप्रसिद्धीवर अवलंबून राहतो. हे नैतिकदृष्ट्या अस्वस्थ करणारे आहे. शेवटी पाठीमागून गोळी लागून मरताना रिंगो, आपणच आधी पिस्तूल उपसले, असे खोटेच सांगतो. मारेकरी फासावरून सुटतो. पण आता रिंगोचे जिणे त्याच्या वाट्याला येते. या असत्याला क्षमा म्हणायचे की सूड? समीक्षकाने येथे घाईने निवाडा करू नये. दोन्ही अर्थ त्या एका वाक्यात परस्परांना घट्ट धरून आहेत.

आपल्याकडील परंपरेत या पेचावर एक जुना उपाय आहे : तीर्थ. भिवंडी तालुक्यातील गणेशपुरीला तानसेच्या काठी उन्हाळ्याची, म्हणजे उष्ण झऱ्यांची, कुंडे आहेत. श्रद्धावंत त्यांत स्नान करून शुद्ध होतो. पाणी कोणाचे नाव विचारत नाही, हे तीर्थाचे औदार्य. परंतु तीच त्याची मर्यादाही. कुंडातून बाहेर आलेला माणूस ज्या गावी परततो, त्या गावाने स्नान केलेले नसते. वाल्या कोळ्याच्या लोककथेनेही हा प्रश्न वारुळाने झाकला. वाल्मीकी हे नाव मिळाले आणि जुने नाव गळून पडले. सात रांजण भरलेल्या खड्यांचे पुढे काय झाले, हे कथा सांगत नाही.

म्हणूनच स्वतंत्रपूरचे उदाहरण तात्त्विकदृष्ट्याही महत्त्वाचे ठरते. १९३९ मध्ये औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंत नाही, शेती करायची आणि कुटुंबासह राहायचे. ग. दि. माडगूळकर याच परिसरातले. त्यांच्या लेखणीतून आणि व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनातून ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आला तो या प्रयोगाच्या आधारे. १९५८ मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. त्या कौतुकात त्यातील नैतिक मांडणीकडे मात्र काहीसे दुर्लक्षच झाले.

त्यातील सहाही कैदी खुनी आहेत आणि हे कोणापासूनही लपवलेले नाही. तुरुंगाधिकारी आदिनाथ त्यांचा भूतकाळ विसरत नाही. तो ठाऊक असूनच त्यांच्या हाती मोकळी जमीन देतो. रिंगोला नाव पुसायचे होते. येथे नाव तसेच ठेवून विश्वास आधी दिला जातो, पात्रता मागाहून येते. हा क्रम महत्त्वाचा आहे. बाजारात व्यापाऱ्यांची माणसे मारहाण करतात तेव्हा कैदी हात उचलत नाहीत. वेस्टर्नच्या व्याकरणात ज्या क्षणी पिस्तूल पुन्हा बाहेर येते, ‘शेन’मध्ये (१९५३) ते येतेच, नेमका तोच हा क्षण. अर्थात, आदिनाथाचे डोळे कैद्यांचा सतत पाठलाग करतात, हेही विसरता येत नाही. भिंत नसलेला हा तुरुंग नजरेच्या तुरुंगात रूपांतरित होतो काय, ही शंका रास्त आहे. आदिनाथाच्या मृत्यूनंतरही ते डोळे आभाळात राहतात. शांतारामांना ते आश्वासक वाटले, आजच्या प्रेक्षकाला तसे वाटेलच असे नाही.

त्याहून गंभीर उणीव दुसरी आहे. विश्वास देण्याचा अधिकार आदिनाथाला कोणी दिला? तो शासनाचा माणूस आहे. मारले गेलेल्यांचा नव्हे. सहा खुनांमागे किमान सहा घरे आहेत आणि त्यांतील कोणाचीही संमती चित्रपटाला आवश्यक वाटत नाही. ‘द गनफायटर’मध्ये निदान जेरी मार्लो नावाचा एक बाप रस्त्यापलीकडच्या खिडकीत बंदूक रोखून बसलेला असतो. रिंगोने आपला मुलगा मारला, अशी त्याची समजूत आहे. रिंगो ते नाकारतो आणि कथानक पुढे सरकते. परंतु एवढी माणसे मारलेल्याच्या बाबतीत, ‘हा मुलगा माझ्या हातून गेला नाही’ या उत्तराने त्या खिडकीतला प्रश्न मिटत नाही. मार्लोच्या जागी दुसरा कोणी बाप बसला असता, तर त्याला सांगण्यासारखे रिंगोपाशी काय होते?