पाटीवरचा चेंडू

कॉम्प्युटर अजून उघडू नका. घरात एखादा रबरी चेंडू असेल तर तो हातात घ्या. मुलांचा असेल, मळलेला असेल, चालेल. खांद्याच्या उंचीवर धरा आणि सोडा. ढकलायचा नाही, नुसती बोटं उघडायची. तो पूर्ण थांबेपर्यंत दुसरं काही करू नका.

पुन्हा सोडा. या वेळी टप्पा खाऊन तो जिथवर वर येतो, त्या टोकावरच नजर ठेवा. तिथे तो जरासा रेंगाळतो. खाली जाऊ की नको, असं क्षणभर वाटल्यासारखा. मग वळतो.

तिसऱ्यांदा डोळे मिटा आणि फक्त ऐका. पहिल्या दोन टप्प्यांमधली शांतता मोठी, पुढची तिच्याहून लहान, मग आवाज एकमेकांना चिकटत जातात आणि शेवटी नुसती थरथर उरते.

हे आपण जन्मभर पाहत आलोय. तरी कोणी विचारलं की चेंडू पडतो तेव्हा नेमकं काय काय होतं, तर जीभ अडखळते. वेबपेजवर छोटंसं अॅनिमेशन किंवा खेळ करायला शिकायचं, तर या अडखळण्यापाशी थोडा वेळ बसावं लागतं. भाषेचे नियम, कंस, अर्धविराम हे सगळं नंतर सवयीनं येतं. ज्यांना ते आधी शिकवलं जातं त्यांचा चेंडू पडद्यावर हलतो खरा, पण पडत नाही.

आता पडद्याकडे वळू. ब्राउझरमध्ये चित्र काढायची जी जागा असते तिला कॅनव्हास म्हणतात. अॅपलने ती २००४ मध्ये आपल्या कामासाठी केली, पुढे सगळ्या ब्राउझरांनी घेतली. मला मात्र तिच्याकडे पाहिलं की पाटी आठवते. समजा, ही पाटी ६०० ठिपके रुंद आणि ४०० ठिपके उंच आहे. मोजणी सुरू होते डाव्या वरच्या कोपऱ्यातून. उजवीकडे जावं तसा क्ष वाढतो, आणि खाली जावं तसा य वाढतो. शाळेतल्या आलेखाच्या कागदावर य वर चढायचा, इथे तो उतरतो. सुरुवातीला हे उलटं वाटतं. पण जुन्या काचेच्या पडद्यांवर चित्र वरून खाली, ओळीमागून ओळ उमटायचं, आणि आपणही पान वरूनच वाचतो. दोन दिवसांत हात सरावतो.

या पाटीवर एक गोल काढा. मध्यभागी, वरच्या कडेपासून ५० ठिपके खाली. तो गोल तिथेच राहील. त्याला हलवायची कुठलीही युक्ती या पाटीपाशी नाही. एकदा काढलेली आकृती इथे सरकत नाही. पुसता येते, आणि दुसरीकडे नवी काढता येते. एवढंच.

इथे थोडं थांबा.

पाटी पुसायची, गोल काढायचा. पुन्हा पुसायची, किंचित खाली गोल काढायचा. बहुतेक पडद्यांवर हे सेकंदाला ६० वेळा होतं, म्हणजे दर पुसण्या-काढण्याला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. पडद्यावर एकही चेंडू एका जागेहून दुसऱ्या जागी गेलेला नाही. वेगवेगळे ६० गोल आले आणि गेले. चेंडू पडला तो तुमच्या डोळ्यांमागे. वहीच्या कोपऱ्यात माणूस काढून पानं भरभर उलटताना लहानपणी हेच व्हायचं.

शिकणाऱ्याला मी एक गोष्ट आवर्जून करायला सांगेन. पाटी पुसण्याची ती एक ओळ मुद्दाम काढून टाका. गोल अगदी लहान करा, तीन ठिपक्यांचा. मग चालवा. वरपासून खालपर्यंत ठिपक्यांची एक उभी माळ उमटेल. ती सावकाश पाहा. वरच्या टोकाशी ठिपके एकमेकांना खेटून आहेत, खाली येता येता विरळ झालेत. मघाशी हातातला चेंडू रेंगाळला होता ना, तेच रेंगाळणं इथे कागदावर उतरल्यासारखं समोर आहे.

ही माळ उमटली कशी? आतली बेरीज पेन्सिलीने करून पाहण्यासारखी आहे. प्रोग्रामला दोनच आकडे लक्षात ठेवायचे असतात: चेंडू आत्ता कुठे आहे, आणि पुढच्या खेपेला किती सरकणार आहे. पहिला आकडा ५०, दुसरा शून्य. दर खेपेला दुसऱ्यात अर्धा मिळवायचा, मग तो दुसरा पहिल्यात मिळवायचा. ५०.५. मग ५१.५. मग ५३. मग ५५. मग ५७.५. पाच ओळी हाताने लिहा, घाई करू नका. तो जो अर्धा आपण दर वेळी गुपचूप मिळवतोय, तेच गुरुत्वाकर्षण.

आणि वर जाताना? तेव्हा दुसरा आकडा उणे असतो. उणे दोन, उणे दीड, उणे एक, उणे अर्धा, शून्य, अर्धा, एक. टोकाशी आकडे इतके लहान होतात की चेंडू जवळपास जागेवरच राहतो. ‘वर पोचलास की रेंगाळ’ असं आपण कुठेही लिहिलेलं नाही. अर्धा मिळवत राहिलो, रेंगाळणं आपोआप आलं. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून होतो. अजूनही त्या टोकाशी माझी नजर थबकते.

पडणारी वस्तू गॅलिलिओलाही नीट दिसत नव्हती, कारण ती फार लवकर पडायची आणि तिचा वेळ मोजेल असं घड्याळ नव्हतं. म्हणून त्याने उतरत्या फळीला पन्हळ पाडली आणि तिच्यातून धातूची गोळी सोडली. गोळी घरंगळत असताना भांड्यातून पाण्याची बारीक धार सोडायची आणि जमलेलं पाणी तोलून वेळ काढायचा. १६३८ च्या पुस्तकात त्याने हे लिहून ठेवलंय. त्याने गती ताणून लांबवली. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी नेमकं उलट केलं. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला, त्याच्याआधी त्यांनी वाटाणा पेरून त्याचा कोंब वाढताना दिवसांमागून दिवस कॅमेऱ्याने टिपला. चित्रपट म्हणजे काय ते भांडवल देणाऱ्यांना दाखवायचं होतं. डोळ्याला कधीच न दिसणारी वाढ पडद्यावर थोडक्यात घडली. एकाला पडणं फार जलद होतं, दुसऱ्याला उगवणं फार सावकाश. दोघांनीही काळाचे तुकडे केले आणि ते आपल्याला दिसतील अशा बेतानं मांडले. तुमच्या पाटीवरही तुम्ही तेच करताय. वाटलं तर प्रोग्राम असा लिहा की एक कळ दाबली की एकच चित्र पुढे सरकेल. मग एकेक पायरी उतरत चेंडूबरोबर खाली जा.

चेंडू तळाशी येतो. जमीन आपणच सांगायची: य ४०० पर्यंत आहे, चेंडूची त्रिज्या २० असेल तर मध्यबिंदू ३८० च्या खाली जाता कामा नये. गेला, तर दुसऱ्या आकड्याचं चिन्ह उलटं करायचं आणि त्याला आठ दशांशाने गुणायचं, म्हणजे प्रत्येक टप्प्यात थोडा जोर कमी होईल. नऊ दशांश केलंत तर चेंडू टणक वाटतो. दोन दशांश केलंत तर चिखलाचा गोळा पडावा तसा बसतो. एका आकड्याने वस्तूचा पोत बदलतो. यात हवा तेवढा वेळ घालवावा, तो वाया जात नाही.

इथे जवळपास प्रत्येकाच्या हातून एकच चूक होते. चिन्ह उलटं केलं जातं, पण जमिनीच्या आत शिरलेला चेंडू उचलून पुन्हा ३८० वर ठेवायचं राहून जातं. मग वर यायला निघालेला चेंडू, जोर कमी झाल्यामुळे, पुढच्या खेपेलाही रेषेच्या खालीच सापडतो. प्रोग्राम पुन्हा चिन्ह उलटं करतो. चेंडू जमिनीत अडकून फडफडत राहतो. हे दिसलं की लगेच दुरुस्त करू नका. त्याचा य दर खेपेला छापून घ्या आणि आकडे वाचा. तुम्ही जे सांगितलंत, तेच तो इमानाने करतोय. तुमच्या मनात होतं आणि सांगायचं राहिलं ते काय, हे त्या फडफडीत लिहिलेलं असतं. चूक शोधण्याची याहून चांगली शिकवणी मला ठाऊक नाही.

काही फोन आणि मॉनिटर सेकंदाला १२० चित्रं दाखवतात. तिथे तुमचा चेंडू दुप्पट वेगाने पळेल, कारण आपण खेपा मोजल्या, काळ मोजला नाही. मागच्या खेपेपासून किती वेळ गेला ते ब्राउझर सांगतो, त्या हिशेबाने सरकावं. आणि कोणी दुसरा टॅब उघडून दहा मिनिटांनी परत आलं, तर तेवढा सगळा काळ चेंडूवर एकदम लादू नये. त्याला मर्यादा घालावी.

आता हात. तळाशी एक फळी काढा, डाव्या-उजव्या बाणांनी सरकणारी. कळ दाबली की फळी सरकव, असं सरळ लिहिलंत तर फळी एकदा हलते, क्षणभर अडते, मग धक्के देत पुढे जाते. कळ दाबून धरल्यावर एक अक्षर येतं, किंचित उसंत जाते आणि मग अक्षरांची रांग लागते, ते लिहिताना तुम्ही पाहिलं असेल. तोच हा अडखळा. तेव्हा असं करा: कळ खाली गेली की ‘दाबलेली आहे’ एवढंच टिपून ठेवा, सुटली की ‘सुटली’. आणि दर खेपेला, पाटी पुसण्याआधी, ती नोंद पाहा. प्रोग्राम सेकंदाला ६० वेळा विचारतो: अजून धरलंय का? अजून? फळी लोण्यासारखी सरकते. या प्रश्नावर जरा मन ठेवा. समोरच्याचं बोट कधी उचललं जाईल याची इतक्या चिकाटीने वाट पाहणं, हे माणसांतही विरळाच आढळतं.

चेंडू आणि फळी जमली की १९७२ चा ‘पाँग’ हा व्हिडिओ गेम आठवतो. अॅलन अल्कॉर्न या अभियंत्याला तो सरावाचं काम म्हणून दिला होता. त्याने फळीचे आठ भाग कल्पिले. चेंडू मध्यावर लागला तर सरळ परततो, कडेला लागला तर तिरपा. या एका कल्पनेने खेळणाऱ्याला नेम मिळाला. त्या यंत्रात वर-खाली सरकणाऱ्या फळ्या पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोचत नव्हत्या. सर्किटमधला दोषच तो. अल्कॉर्नने तो तसाच ठेवला, कारण तरबेज खेळाडूंच्या हातून कधीतरी चेंडू सुटायला फट हवी होती. तुमच्या फळीतही हा तिरपेपणा घाला. मध्यापासून किती दूर लागला ते मोजा आणि तेवढा चेंडूला बाजूला ढकला. एक ओळ पुरते.

शेवटी घरातल्या कोणाला तरी समोर बसवा. भाची, शेजारचा मुलगा, आजी. काहीही समजावून सांगू नका. तुम्ही पडद्याकडे पाहू नका, त्यांच्याकडे पाहा. आधी बोटं बाण शोधतात. मग एकदा चेंडू हुकतो. दुसऱ्यांदा, तो डावीकडे उतरायला लागतो तेव्हा, बोट कळेवर आहे आणि खांदाही हळूच डावीकडे झुकतोय.