धरावं किती, सोडावं कधी

बारामती-इंदापूर म्हटलं की ऊस आठवतो. पण कालव्याचं पाणी न पोचलेल्या जिरायत पट्ट्याचं पीक म्हणजे रब्बीची ज्वारी आणि करडई. करडईच्या तेलात तीन-चतुर्थांशाच्या आसपास लिनोलिक आम्ल असतं. त्याच्या कार्बनसाखळीत दोन दुहेरी बंध असतात. तिथे साखळी वाकते, रेणू दाटीनं रचले जात नाहीत, म्हणून हे तेल थंडीतही पातळ राहतं. त्या बंधांवर हायड्रोजन बसवला की साखळी सरळ होते, तेल थिजतं. वनस्पती तूप, म्हणजे आपल्या तोंडचा ‘डालडा’, असंच बनत आलं.

नुसता हायड्रोजन तेलात सोडून काही होत नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना सोडत नाहीत. निकेलच्या बारीक भुकटीवर टेकले की ते सुटे होतात. तेलाचा रेणूही दुहेरी बंधानं तिथेच टेकतो, हायड्रोजन घेतो आणि निघतो. अशा भुकटीची ही करामत दाखवणाऱ्या पॉल सॅबातिए यांना १९१२चं नोबेल मिळालं. इथे सगळा खेळ पकडीचा. ती सैल असली तर रेणू थांबत नाही, फार घट्ट असली तर हलत नाही. बाजार समितीच्या आवारातून सौदा झालेली गाडी निघाली तरच पुढची आत येणार. गंधक तर निकेलची जागा कायमची अडवतं, म्हणून तेल आधी शुद्ध करून घेतात.

होरिउती आणि पोलान्यी या रसायनशास्त्रज्ञांनी १९३४ साली मांडलं की हायड्रोजनचे दोन्ही अणू एकदम बसत नाहीत. पहिला बसला की रेणू अधांतरी असतो. उष्णता जास्त आणि हायड्रोजन अपुरा असला, तर रेणू एक अणू टाकून माघारी फिरतो. बंध पुन्हा दुहेरी होतो, पण साखळीची घडण बदललेली असते. हेच ट्रान्स फॅट. तेलातलंच दुसरं एक आम्ल, ओलेइक, सुमारे १३ अंशांना वितळतं. तेच अणू ट्रान्स रूपात सुमारे ४५ अंशांपर्यंत घट्ट राहतात आणि खाण्यात आले तर हृदयविकाराचा धोका वाढवतात.

यात निकेलला बोल लावण्यात अर्थ नाही. क्रिया तडीस नेली तर ट्रान्स जवळपास उरत नाही. मात्र हाती येतं ते मेणासारखं कडक. खारीला पदर सुटावेत, तूप चमच्यानं निघावं, म्हणून आपणच ती अर्ध्यावर थांबवली. निकेलसारखा उत्प्रेरक वाट सोपी करतो, मुक्काम ठरवत नाही. २०२२पासून भारतात खाद्यपदार्थांतल्या एकूण तेल-तुपात कारखान्यात तयार झालेलं ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही. मुक्काम कुठे करायचा, हा प्रश्न कारखान्याच्या सोयीवर सोडून चालत नाही, एवढं त्या नियमानं मान्य केलं.